डाव्या कमरेला खोचलेला फोन

इथल्या कानडी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दारात उभे राहून म्हणाले, "अक्का, ब्लूटूथवर लिहा. सोपं पाहिजे, आणि स्वल्प मजेशीर." जसं काही मी कोशिंबीर करणार आहे, मीठ कमी आणि साखर चिमूटभर. पण सरी, म्हणजे बरं, म्हटलं. एकवीस वर्षं ज्या कामानं मला खायला घातलं, त्याच्याबद्दल चार शब्द लिहायला माझी ना नाही. शिवाय आमच्या येलहंक्याच्या नातेवाइकांना आजही वाटतं की मी फोन दुरुस्त करत होते. त्यांचा गैरसमज छापील स्वरूपात दूर झालेला बरा.

मी फोन दुरुस्त करत नव्हते. तुमच्या खिशातला फोन आणि तुमच्या कानातलं यंत्र यांच्यामध्ये जी दोन-तीन हात हवा असते, तिच्यात काय घडतं ते पाहायचा मला पगार मिळायचा. आमची कंपनी कानाच्या यंत्रांमधला बिनतारी भाग बनवायची. माझं खातं चाचणीचं. माझ्या मागे एक मोठं लोखंडी कपाट होतं आणि त्यात बाजारात आलेले झाडून सगळे फोन. नवं यंत्र आलं की ते प्रत्येक फोनशी जोडायचं, तोडायचं, पुन्हा जोडायचं. फोन बंद करून चालू करायचा, पुन्हा जोडायचं. गाणं लावायचं, मध्येच कॉल घ्यायचा, गाणं परत सुरू होतंय का पाहायचं. कंटाळवाणं वाटतं ना? आहेच. पण आज तुम्ही कानात बोळा घालता आणि काहीही न करता आवाज यायला लागतो, तो आमच्यासारख्या माणसांच्या कंटाळ्यामुळे. हे मी छाती पुढे काढून सांगते.

ही यंत्रं एकमेकांशी बोलतात कशी, तेही सांगून टाकते. समजा, तुम्ही आणि तुमची मैत्रीण यशवंतपूरच्या घाऊक बाजारात आहात. हा गलका. एका जागी उभं राहून बोलायला गेलं तर ऐकू येणार नाही. मग तुम्ही आधीच ठरवून ठेवता की कांद्याच्या गाळ्यापाशी दोन शब्द बोलायचे, लगेच बटाट्याच्या गाळ्याकडे पळायचं, तिथे दोन शब्द, मग लसणाकडे. पळण्याचा क्रम फक्त तुम्हा दोघींनाच माहीत. एखाद्या गाळ्यात फारच आरडाओरडा असेल तर तो क्रमातून वगळायचा. ब्लूटूथ हेच करतं, फक्त एका सेकंदात शेकडो वेळा. आणि पहिल्यांदा भेटल्यावर हा क्रम आणि आपसातली खूण ठरवून घ्यायची, त्याला जोडणी म्हणतात.

एकदा जुळलेली जोडी यंत्र विसरत नाही. येलहंक्याचे एक निवृत्त गृहस्थ ओळखीनं माझ्याकडे स्पीकर घेऊन आले होते. रोज संध्याकाळी पाचला तो स्पीकर आपोआप बाईच्या आवाजात बोलायचा, "श्वास घ्या, पोट आत." त्यांच्या बायकोनं दोन दिवस अबोला धरला होता. चौकशी केली तर स्पीकर त्यांनी खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून जुना म्हणून घेतलेला. त्या बाई पाचला व्यायाम करायच्या आणि त्यांच्या फोनला आपला जुना स्पीकर बरोबर सापडायचा. मी जोडी मोडून दिली. गृहस्थ जाताना म्हणाले, बायकोसाठी हे सगळं लेखी द्या. दिलं.

पण ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले ती कमळाक्कांची. तिच्यात माझा अभिमान आहे आणि माझी चूकही आहे. चूक आधी सांगते.

कमळाक्का मूळच्या निपाणीकडच्या, लग्न होऊन यशवंतपूरला आलेल्या. वय सत्तरीला टेकलेलं. होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, करून द्यायच्या. बारशाला, साखरपुड्याला, सणाला. सगळ्या ऑर्डरी फोनवर. डाव्या कानानं मुळीच ऐकू येत नव्हतं आणि उजव्याला यंत्र. ते यंत्र ब्लूटूथनं फोनला जोडलेलं, म्हणजे हात पिठात असले तरी फोन वाजला की आवाज थेट कानात. तेच आमचं यंत्र. आणि ते बोलता बोलता तुटायचं. गिऱ्हाईक पत्ता सांगतंय, तारीख सांगतंय, आणि मध्येच खर्र खर्र करून सगळं गप्प. एका बारशाच्या होळिगे अशाच राहून गेल्या. ऑर्डर अर्धी ऐकली, परत फोन केला तर तोही तुटला. त्या घरी पाहुणे जेवायला बसले आणि पान गोडाविना राहिलं. कमळाक्कांना ते फार लागलं होतं.

त्यांचा मुलगा महेश के. आर. पुरमला राहायचा. त्यानं आईला सांगून टाकलं की दसऱ्यापर्यंत बघू, असंच चाललं तर चूल बंद करायची आणि माझ्याकडे राहायला यायचं. मुलगा वाईट नव्हता. आईनं या वयात लोकांची बोलणी खावीत हे त्याला बघवत नव्हतं. पण कमळाक्कांचा जीव त्या चुलीत होता. नवरा गेल्यावर तीस वर्षं त्यांनी ती पेटती ठेवली होती.

यातलं मला तेव्हा काहीही माहीत नव्हतं. माझ्यासमोर आला तो फक्त तक्रारीचा क्रमांक. पहिल्या वेळी दुकानानं यंत्र बदलून दिलं. दुसऱ्या वेळी यंत्र आणि त्यांचा फोन आमच्या प्रयोगशाळेत आला. मी तो नेहमीप्रमाणे टेबलावर मांडला. आमच्याकडे प्लास्टिकचं एक डोकं होतं, त्याच्या कानात यंत्र घातलं, समोर फोन ठेवला आणि दिवसभर चालवलं. एकदाही तुटलं नाही. तक्रार बंद करताना संगणकावर कारण निवडावं लागतं. फोनचा दोष, परिसराचा दोष, वापरणाऱ्याची चूक. आमची चूक असा पर्यायच नव्हता, तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी "वापरणाऱ्याची चूक" निवडलं आणि चहा प्यायला गेले.

तिसऱ्या वेळी कमळाक्का स्वतः आल्या. दोन बस बदलून, हातात स्टीलचा डबा घेऊन. खाली स्वागतकक्षात बसल्या आणि म्हणाल्या, ज्या माणसानं माझं यंत्र तपासलं त्याला भेटल्याबिगर मी उठणार न्हाई. रिसेप्शनच्या मुलीनं मला घाबरून फोन केला. मी खाली गेले, गोड बोलले, त्यांच्या फोनवर कॉल लावला. फोन त्यांच्या मांडीवरच्या पर्सवर. आवाज लख्ख. पुन्हा लावला, पुन्हा लख्ख. मला मनातून बरं वाटलं, हे मी कबूल करते. त्यांचा चेहरा मात्र उतरला. गाडी मेकॅनिककडे नेली की आवाज बंद होतो ना, तसं झालं बिचारीचं.

"इथं चालतंय," त्या म्हणाल्या. "पण मी इथं होळिगे लाटत न्हाई. तुम्ही माझ्या चुलीपाशी या."

डबा माझ्या हातात ठेवून त्या निघून गेल्या. होळिगे अशी की तोंडात ठेवली की संपली. पुढच्या शनिवारी मी यशवंतपूरला गेले. होळिगेच्या लोभानं गेले की लाजेनं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे गच्ची. वर ताडपत्री, चारी बाजूंनी उघडं, मध्ये दोन मोठे तवे. मी हवेतल्या लहरी मोजायचं यंत्र आणलं होतं. माझी खात्री होती की शेजारच्या वायफायचा त्रास असणार, नाहीतर मायक्रोवेव्हचा. मायक्रोवेव्ह त्यांच्याकडे नव्हताच. तो काय करायचाय, पुरण काय त्यात शिजवू, म्हणाल्या. आणि हवा आमच्या ऑफिसपेक्षा स्वच्छ निघाली. मी जिन्यावर उभी राहून त्यांना कॉल लावला. त्या तव्यापाशी. चार वाक्यांत खर्र खर्र आणि तुटला. माझ्या समोर तुटला. आता चूक वापरणाऱ्याची म्हणायची सोय राहिली नाही.

मला जवळून पाहायचं होतं, तर कमळाक्कांनी मला हातानंच अडवलं. बाहेरचे कपडे चुलीपाशी चालत नाहीत. मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, त्यांच्याकडे कडक होतं. खुंटीवर मदतीला येणाऱ्या बायकांसाठी एक धुवट सुती साडी कायम टांगलेली असायची, ती त्यांनी मला नेसायला लावली. मी ऑफिसला नेहमी सलवार-कुडता घालायची, कुडत्याला उजवीकडे खिसा शिवून घेतलेला, फोन त्यात. साडी नेसून आले, पदर कमरेला बांधला, उजव्या कानात माझा इअरफोन होताच. पुन्हा त्यांना कॉल लावला.

यावेळी दोघींचंही तुटलं. त्यांच्या कानात माझा आवाज तुटत होता, आणि माझ्या कानात त्यांचा. मी उभी ती उभीच. सकाळपासून माझा इअरफोन शहाण्यासारखा चालला होता. मधल्या दहा मिनिटांत बदललं काय? फक्त साडी. मी खाली पाहिलं. माझा फोन डाव्या कमरेला खोचलेला होता. कमळाक्कांकडे पाहिलं. त्यांचाही.

साडी नेसणाऱ्या बायकांना हे समजावून सांगायला नको. पदर उजव्या बगलेखालून येतो, म्हणून ती बाजू झाकलेली. डावी कंबर मोकळी. किल्ल्या, रुमाल, बटवा, सगळं तिथेच खोचायचं आणि आता फोनही. मी आयुष्यात जेव्हा जेव्हा साडी नेसले तेव्हा फोन तिथेच खोचला, आणि कधी विचार केला नाही. घरातली सुलभा, म्हणजे मीच, डावीकडे खोचत होती आणि ऑफिसातली सुलभा टेबलावर ठेवून तपासत होती. दोघींची एकमेकींशी ओळखच नव्हती म्हणायची.

मी फोन उजवीकडे घेतला. आवाज लख्ख. त्यांनाही घ्यायला लावला. लख्ख.

कारण असं आहे. ब्लूटूथच्या लहरींचं पाण्याशी वाकडं, पाणी त्यांना गिळून टाकतं. आणि माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. फोन डाव्या कमरेला आणि यंत्र उजव्या कानात, म्हणजे मध्ये आख्खा माणूस, भरलेली घागर. खोलीत असाल तर लहर भिंतींवर आपटून वळसा घालून पोचते. उघड्या गच्चीवर भिंतच नाही, आपटणार कशावर? आमचं प्लास्टिकचं डोकं आतून पोकळ होतं आणि त्याला कंबर तर नव्हतीच. आमच्या खात्यात सगळे पुरुष, ते फोन पँटच्या खिशात ठेवणार. आणि एकच बाई, जिनं कुडत्याला खिसा शिवून घेतला.

मी खुशीत म्हणाले, अक्का, सुटला प्रश्न, फोन उजवीकडे खोचा. त्यांनी आठ दिवस तसं करून पाहिलं. मी पुन्हा गेले तर कपाटातून फोन काढून दाखवला, काचेवर तडा. उजव्या हातानं लाटणं चालतं, वाकलं की पदराखालून फोन सटकतो. एकदा जमिनीवर पडला, एकदा पुरणात. गळ्यात अडकवला तर तव्यावर लोंबायचा. मी तरी म्हणाले की सवय होईल. तेव्हा त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"बाई, तुम्ही मला एक सांगा. गावातल्या सगळ्या बायकांना उजवीकडं खोचायला शिकवायचं, का एका यंत्राला शिकवायचं? कोण लवकर शिकंल?"

त्या दिवशीच त्यांनी मला महेशचं आणि दसऱ्याचं सांगितलं. दसऱ्याला तीन आठवडे होते. यंत्राला शिकवायचं तर दीड महिना तरी लागणार होता.

मी तिथूनच महेशला फोन केला. कंपनीचा नियम असा की गिऱ्हाइकासमोर दोष कबूल करायचा नाही, वरून पत्र जातं. मी त्याला सांगितलं की तुमच्या आईची काही चूक नाही, त्यांना यंत्र वापरता येतं. चूक आमची आहे, ती मला सापडली आहे, दसऱ्याऐवजी दिवाळीपर्यंत थांबा. तो म्हणाला, सगळे म्हणतात आईला आता जमत नाही, मीही तेच म्हणत होतो. दिवाळीपर्यंत थांबतो.

ऑफिसात माझ्या साहेबांना, मूर्ती सरांना, सांगितलं तर ते म्हणाले, एका आजीबाईसाठी आपण काय सगळं बदलायचं? माझं डोकं फिरलं. मी त्यांना खाली घेऊन गेले. झाडू मारणारी मंजुळा, हिशेबखात्यातल्या दोघी, कँटीनमधली रत्नम्मा. जी जी साडीत होती तिला विचारलं, तुमचा फोन कुठे आहे? चौघींनीही डाव्या कमरेवर हात ठेवला. मूर्ती सर चष्मा पुसत बसले, आणि वर आल्यावर त्यांनी मला दोन माणसं दिली.

त्यातला प्रदीप हा आमचा सगळ्यात गंभीर इंजिनिअर, हसलेला कुणी पाहिला नव्हता. चाचणीला खरं शरीर पाहिजे आणि मी एकटी किती फिरणार? एक दिवस तो स्वतःच म्हणाला, मला नेसवा. जीन्सवरून मी त्याला माझी साडी नेसवली, डावीकडे फोन खोचला, उजव्या कानात यंत्र घातलं. तो ऑफिसच्या गच्चीवर फेऱ्या मारायचा आणि गंभीरपणे सांगायचा, आता तुटलं, आता नाही तुटलं. समोरच्या इमारतीतून लोक फोटो काढायचे. त्याला त्याची काही पडलेली नव्हती. असल्या माणसांबरोबर काम केलं, हे माझं नशीब.

शेवटी जमलं ते असं. लहर अशक्त झाली की यंत्रानं ती ओळखायची आणि हरवलेला तुकडा पुन्हा पुन्हा मागून घ्यायचा, आणि फोन समोर आहे की अंगाआड, त्याप्रमाणे आपला जोर कमी-जास्त करायचा. आवाज केसभर उशिरा पोचतो, माणसाला कळतही नाही. बॅटरी थोडी जास्त जाते म्हणून यंत्र विकणारे कुरकुरले. त्यांना मी म्हटलं, बॅटरी पुन्हा भरता येते, बारसं पुन्हा करता येत नाही. मी कोणत्या बारशाबद्दल म्हणतेय ते त्यांना समजलं नाही, पण मान्य झालं.

दिवाळीच्या आठवड्यात मी नवा प्रोग्राम घालायला यशवंतपूरला गेले. महेश आला होता, जिन्यावर हाताची घडी घालून बसला होता. मी खुंटीवरची साडी नेसले. कमळाक्कांनी फोन खोचला, डावीकडेच, आणि लाटायला बसल्या. मी कॉल लावणार तेवढ्यात खराच फोन वाजला. साखरपुड्याची ऑर्डर, मल्लेश्वरमची कुणी बाई. बोलायला लागली ती थांबेचना. किती होळिगे, किती वाजता, तूप वेगळं की लावून, पत्ता, मग पत्त्याची खूण, मग खुणेची खूण. माझे कान कमळाक्कांच्या चेहऱ्यावर होते म्हटलं तरी चालेल. त्या उठल्या, वळल्या, तव्याकडे वाकल्या, पाठ केली. एकदाही भुवई आकसली नाही. प्रत्येक गोष्ट ऐकून मोठ्यानं परत म्हणत होत्या, आणि पाहते तर महेश जिन्यावर बसल्या बसल्या ती वहीत लिहून घेत होता.

फोन संपला. मी डोळे पदरानं पुसले. महेशनं वही आईपुढे धरली आणि विचारलं, तूप वेगळं लिहिलंय, बरोबर ना? चूल बंद करायचं पुन्हा निघालं नाही.

मग जेवायला बसल्यावर मी कमळाक्कांना सांगून टाकलं. मनात ठेवलं असतं तर घास उतरला नसता. म्हटलं, तुमची तक्रार दुसऱ्यांदा आली तेव्हा मी कागदावर लिहिलं होतं, वापरणाऱ्याची चूक.

त्यांनी माझ्या पानात आणखी एक होळिगे वाढली. "मग आता काय लिहिलंस?" त्या पहिल्यांदाच मला एकेरीत म्हणाल्या.

"अजून काही नाही."

"मग लिही की. ही बाई फोन इथंच ठेवते, असं लिही." आणि त्यांनी डाव्या कमरेवर थोपटलं.

सोमवारी मी तेच लिहिलं. तक्रार उघडून कारण बदलायला गेले तर आमची चूक हा पर्याय नव्हताच. मूर्ती सरांच्या मागे लागून तो घालून घेतला, आणि तो निवडणारी पहिली मीच. आणि चाचणीच्या यादीत सगळ्यात वर एक ओळ घातली: उघड्या जागी, साडी नेसलेल्या माणसावर, फोन डाव्या कमरेला, यंत्र उजव्या कानात. या ओळीत पास झाल्याशिवाय आमच्या कंपनीतून कानाचं एकही यंत्र बाहेर गेलं नाही. प्लास्टिकचं डोकं मी कपाटात टाकलं.

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. कमळाक्का अजून लाटतात. माझ्या मागे प्रदीप खातं बघतो. मधून मधून मी त्याला फोन करून विचारते, ती ओळ आहे ना रे? मागच्या महिन्यात विचारलं तर म्हणाला, मॅम, आहे, पण साडी जुनी होऊन विरली, तुमची एखादी पाठवाल का? मी दुसऱ्याच दिवशी चांगली काठाची पाठवली.